सॅन अँटोनिओचा आलेख: अमेरिकेच्या खनिज तेलाविषयीचे एक भाकीत आणि त्यानंतरची सहा दशके

मार्च १९५६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेलउद्योगाच्या संघटनेची एक विभागीय बैठक भरली होती. त्या बैठकीत मॅरियन किंग हबर्ट यांनी एक निबंध वाचला. हबर्ट हे भूभौतिकशास्त्रज्ञ होते आणि शेल कंपनीच्या ह्यूस्टन येथील संशोधन विभागात काम करत होते. निबंधाचा मूळ विषय अणुऊर्जा हा होता. खनिज इंधने किती काळ पुरतील ही चर्चा त्यात पूर्वपीठिका म्हणून आली होती. लोकांच्या स्मरणात राहिली ती मात्र ही पूर्वपीठिकाच. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील ४८ राज्यांचे तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान कळसाला पोहोचेल आणि त्यानंतर उतरणीला लागेल, असे तिच्यात सांगितले होते. भाषणाला उभे राहण्यापूर्वी कंपनीच्या मुख्य कार्यालयातून दूरध्वनी आला आणि हा भाग जरा सौम्य करता येईल का अशी विचारणा झाली, अशी आठवण हबर्ट यांनी पुढे सांगितली आहे. त्यांनी तो भाग आहे तसाच वाचला.

जगातील तेल संपत आले आहे का, या वादातले जवळजवळ सगळे मुद्दे या एका प्रकरणात सापडतात. शिवाय येथे भाकिताची पडताळणी करता येण्याइतका काळ लोटला आहे आणि दर वर्षीचे आकडे नोंदलेले आहेत. हे भाकीत आधी आश्चर्य वाटावे इतके खरे ठरले आणि नंतर पार फसले. खरे ठरले तेव्हा हबर्ट यांना द्रष्टेपण बहाल झाले, फसले तेव्हा त्यांच्या नावाची टर उडवली गेली. माझ्या मते दोन्ही वेळा ते भाकीत नेमके कशाविषयी होते याकडे दुर्लक्ष झाले, आणि तेच दुर्लक्ष आजच्या वादातही कायम आहे.

आलेखामागचे गणित

हबर्ट यांची रीत समजायला अवघड नाही. एखाद्या प्रदेशातील तेलाचे वार्षिक उत्पादन उभ्या अक्षावर आणि वर्षे आडव्या अक्षावर मांडली, तर त्या वक्ररेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे त्या प्रदेशातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत निघणारे एकूण तेल होय. रेषा शून्यापासून वर चढते आणि साठा मर्यादित असल्यामुळे कधी ना कधी परत शून्याला टेकते. मधला चढउतार कसाही असला, तरी तिच्याखालचे क्षेत्रफळ एकूण साठ्याहून मोठे होऊ शकत नाही.

हबर्ट यांनी आलेखाच्या जाळीतील एका चौकोनाला २५ अब्ज बॅरल इतके मूल्य दिले. त्या काळच्या जाणकारांच्या अंदाजाप्रमाणे ४८ राज्यांतून एकूण १५० अब्ज बॅरल तेल निघण्यासारखे होते, म्हणजे सहा चौकोन. त्यांपैकी सुमारे ५२ अब्ज बॅरल १९५५ अखेर काढून झाले होते, म्हणजे दोन चौकोन भरून वर थोडे. आता उरलेल्या चार चौकोनांच्या आत, आजवर झपाट्याने चढत आलेली रेषा पुढे न्यायची, वळवायची आणि खाली उतरवायची. हातात पेन्सिल घेऊन कोणीही हे करून पाहावे. रेषा १९६५ च्या सुमारास वळवावीच लागते, नाहीतर जागा पुरत नाही.

यानंतर हबर्ट यांनी जे केले ते मला या संपूर्ण निबंधातील सर्वांत मोलाचे वाटते. आपला अंदाज कमी पडत असेल असे गृहीत धरून त्यांनी साठ्यात आणखी ५० अब्ज बॅरल मिळवले. ही भर किरकोळ नव्हती. पूर्व टेक्सास हे तोवर ४८ राज्यांत सापडलेले सर्वांत मोठे तेलक्षेत्र होते, आणि तशी आठ क्षेत्रे नव्याने सापडली तर जेवढे तेल मिळेल तेवढे त्यांनी एका फटक्यात हिशेबात धरले. एवढे करूनही उत्पादनाचा कळस पुढे सरकला तो फक्त पाच वर्षांनी, १९६५ वरून १९७० वर. साठा एक तृतीयांशाने वाढला, परंतु मुदत पाच वर्षांनीच वाढली, याचे कारण उपसा दर वर्षी चढत्या गतीने वाढत होता आणि अशा वाढीपुढे मोठमोठ्या भरीसुद्धा पाहता पाहता खर्ची पडतात. एकूण साठा किती आहे यावर तज्ज्ञांमध्ये कितीही मतभेद असले, तरी कळसाचे वर्ष त्या मतभेदांच्या मानाने फारच थोडे हलते, हा त्या निबंधाचा खरा दावा होता.

सभागृहातील लोकांना हे का पटले नाही

त्या बैठकीत बसलेल्या अभियंत्यांनी हबर्ट यांच्यावर विश्वास ठेवला नाही, याबद्दल त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर टंचाई नव्हती, उलट तेल उतू जात होते. टेक्सासमध्ये कोणत्या विहिरीतून किती तेल काढायचे हे टेक्सास रेलरोड कमिशन ठरवत असे. या राज्यसंस्थेची स्थापना एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या नियमनासाठी झाली होती आणि तेलाचे काम तिच्याकडे नंतर आले, म्हणून हे नाव. भाव कोसळू नयेत यासाठी कमिशन दर महिन्याला उत्पादनाची मर्यादा जाहीर करी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तर टेक्सासमधील बहुतेक विहिरींना महिन्यातून सुमारे ८ दिवस चालतील एवढेच तेल काढण्याची परवानगी होती. विहीर महिन्यातले तीन आठवडे बंद ठेवावी लागत असताना तेल उतरणीला लागणार आहे हे कोणाला पटावे?

दुसरे कारण इतिहासाचे होते. ‘लांडगा आला रे आला’ ही हाक या उद्योगाने अनेकदा ऐकली होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९-२० च्या सुमारास, अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतील जबाबदार अधिकाऱ्यांनी देशाचे तेल उत्पादन काही वर्षांतच घटू लागेल असा इशारा दिला होता. त्यानंतर दहाच वर्षांनी, ऑक्टोबर १९३० मध्ये, पूर्व टेक्सासचे ते प्रचंड क्षेत्र सापडले आणि १९३१ मध्ये तेथे तेलाचा भाव बॅरलला १० सेंटपर्यंत उतरला. ज्यांनी हे पाहिले होते त्यांच्या मनात एक समीकरण पक्के बसले होते: इशारा येतो, मग नवा शोध लागतो आणि भाव कोसळतात.

५९० अब्ज बॅरलचा प्रतिदावा

सर्वांत गंभीर विरोध मात्र अनुभवातून नव्हे, आकड्यांतून आला. सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतील ए. डी. झॅप यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एकूण तेलाचा आकडा ५९० अब्ज बॅरल इतका मांडला, आणि पुढे त्या संस्थेचे संचालक झालेले व्हिन्सेंट मॅकेल्व्ही यांनी ही मांडणी उचलून धरली. हा आकडा खरा असता तर कळस शतकाच्या अखेरीपर्यंत लांबला असता आणि काळजीचे कारणच उरले नसते.

झॅप यांचा विचार असा होता: तेल असण्याची शक्यता असलेल्या खडकांचे क्षेत्र किती आहे हे ठाऊक आहे, त्यातील किती भाग आजवर खोदून पाहिला हेही ठाऊक आहे, आजवरच्या खोदाईत फुटामागे जेवढे तेल सापडले तेवढेच उरलेल्या खोदाईतही सापडेल असे धरले की एकूण आकडा मिळतो. हे तर्कशास्त्र वरवर निर्दोष दिसते. हबर्ट यांनी त्यातील एकच गृहीतक उचलले आणि ते नोंदींशी ताडून पाहिले. खोदलेल्या फुटांची बेरीज आडव्या अक्षावर मांडून दर फुटामागे किती तेल सापडले हे त्यांनी काढले, तेव्हा दिसले की १९३० च्या दशकात फुटामागे मिळणारे तेल १९६० च्या दशकातल्यापेक्षा अनेक पटींनी अधिक होते. म्हणजे मोठी, उथळ आणि सहज दिसणारी क्षेत्रे आधी सापडून गेली होती आणि त्यानंतरची खोदाई लहान, खोल व अडचणीच्या जागी चालली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपण रोज वापरतो. हबर्ट यांनी पोहरा दर खेपेला किती भरून येतो याची नोंद ठेवून आडाचा अंदाज बांधला, एवढाच त्यांच्या रीतीचा सारांश म्हणता येईल.

या वादात माझे मत स्पष्टपणे हबर्ट यांच्या बाजूचे आहे. आकडा कोणाचा खरा ठरला हा प्रश्न त्यात गौण आहे. त्यांनी आपले गृहीतक उघड्यावर तपासायला ठेवले होते आणि समोरच्या बाजूने ते ठेवले नव्हते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: झॅप आणि हबर्ट दोघेही ‘तेल’ म्हणत होते तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एकाच प्रकारचे तेल होते, सच्छिद्र खडकात साठलेले आणि उभी विहीर खोदली की स्वतःच्या दाबाने किंवा पंपाने वर येणारे. हबर्ट यांच्या निबंधात डांबरी वाळू आणि तेलशेल (तापवल्यावरच तेल देणारा खडक) यांचा उल्लेख वेगळा आहे. कळसाच्या वक्ररेषेत ते धरलेले नाहीत.

१९७०

अमेरिकेचे कच्च्या तेलाचे उत्पादन १९७० मध्ये दिवसाला सरासरी ९६ लाख बॅरलवर पोहोचले आणि त्यानंतर घटू लागले. वर्ष हबर्ट यांनी दिलेल्या मुदतीत अचूक बसले. उंची मात्र बसली नाही. त्यांच्या आलेखात कळसाचे उत्पादन वर्षाला सुमारे ३ अब्ज बॅरल होते आणि प्रत्यक्षात ते साडेतीन अब्जांच्या आसपास गेले. त्या वर्षी ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही, कारण कळस हा मागे वळून पाहतानाच दिसतो आणि एका वर्षाची घट ही बाजारातील सामान्य चढउतार वाटते.

या शिखराचा खरा अर्थ दुसऱ्याच जागी उमटला, आणि या प्रकरणातील हा भाग अधिक बारकाईने पाहायला हवा. जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटताच अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिका आणि ब्रिटनसह काही देशांचा तेलपुरवठा रोखला होता. तो बहिष्कार काही आठवड्यांतच निष्प्रभ ठरला, कारण टेक्सास आणि आसपासच्या राज्यांतील अर्ध्यामुर्ध्या चालणाऱ्या विहिरी पूर्ण उघडल्या गेल्या आणि तूट बरीचशी भरून निघाली. विहिरी महिन्यातून आठच दिवस चालवण्याची जी पद्धत केवळ भाव सांभाळण्यासाठी होती, तीच नकळत साऱ्या पाश्चात्त्य जगाची राखीव शिबंदी बनली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वाढती मागणी आणि घसरते उत्पादन यांच्या कात्रीत सापडून रेलरोड कमिशनने अनेक वर्षांनी प्रथमच विहिरी शंभर टक्के क्षमतेने चालवण्यास मुभा दिली. हातचे राखून ठेवलेले संपले. एप्रिल १९७३ मध्ये अमेरिकेने १९५९ पासून चालत आलेली आयातीवरील मर्यादा उठवली, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये दुसरा अरब बहिष्कार आला तेव्हा उघडायला एकही बंद विहीर शिल्लक नव्हती. जानेवारी १९७४ पर्यंत तेलाचा भाव बॅरलला सुमारे ३ डॉलरवरून जवळजवळ १२ डॉलरवर गेला.

लक्षात घ्या की या काळात अमेरिकेत तेल ‘संपले’ नव्हते. १९७३ मध्येही ती जगातील सर्वांत मोठ्या तेल उत्पादकांपैकी एक होती आणि दिवसाला ९० लाख बॅरलहून अधिक तेल काढत होती. जे गेले ते गरज पडल्यावर वाढवता येणारे उत्पादन, आणि तेवढे गेल्याने भाव चौपट झाला व भाव ठरवण्याची सत्ता टेक्सासमधून ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेकडे सरकली. साठ्याचा मोठा भाग जमिनीत असतानाच संकट येऊ शकते, हे या घटनेने दाखवले.

त्यानंतरची तीन दशके हबर्ट यांच्या बाजूने गेली असे म्हणता येईल. १९६८ मध्ये अलास्कातील प्रुडो बे येथे फार मोठे क्षेत्र सापडले, १९७७ मध्ये तेथून सुमारे १,३०० किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून तेल येऊ लागले आणि अलास्काचे उत्पादन १९८८ मध्ये दिवसाला २० लाख बॅरलपर्यंत गेले. एवढी भर पडूनही देशाचे उत्पादन १९७० ची पातळी गाठू शकले नाही. भाव वाढले, खोदाई वाढली, कर बदलले, तंत्र सुधारले. उतरण हबर्ट यांच्या रेषेपेक्षा संथ राहिली, पण उतरणच राहिली. २००८ मध्ये उत्पादन दिवसाला ५० लाख बॅरलवर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आले होते.

हेच गणित जगाला लावल्यावर

त्याच निबंधात हबर्ट यांनी जगाचाही अंदाज दिला होता: एकूण १,२५० अब्ज बॅरल, कळस २००० च्या सुमारास आणि तेव्हाचे उत्पादन वर्षाला सुमारे साडेबारा अब्ज बॅरल. १९७० उजाडण्यापूर्वीच जगाने साडेबारा अब्जांची उंची ओलांडली होती आणि २००० मध्ये जगाचे उत्पादन त्याच्या दुपटीहून अधिक होते. मध्यपूर्वेतील क्षेत्रे किती मोठी आहेत याची १९५६ मध्ये पुरेशी कल्पना नव्हती, आणि मूळ आकडाच लहान असल्यावर उत्तम रीतही चुकते.

तरीही १९९८ मध्ये कॉलिन कॅम्पबेल आणि जाँ लाहेरेर या तेलउद्योगातील दोन अनुभवी तज्ज्ञांनी सुधारलेल्या आकड्यांवर हीच रीत चालवून सांगितले की पारंपरिक तेलाचे, म्हणजे वर सांगितलेल्या उभ्या विहिरींतून निघणाऱ्या तेलाचे, जागतिक उत्पादन २०१० पूर्वी घटू लागेल. त्यांचा एक आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. १९८० च्या दशकात कुवेतपासून सौदी अरेबियापर्यंत ओपेकच्या अनेक देशांनी नवे मोठे शोध लागल्याचे जाहीर न करताच आपले घोषित साठे मिळून सुमारे ३०० अब्ज बॅरलने वाढवले होते, आणि ही वाढ झाली तो काळ उत्पादनाचे कोटे ठरवताना साठ्यांचा विचार होण्याचा होता. जगाच्या साठ्यांचे कोष्टक करताना हे आकडे जसेच्या तसे उतरवून घेतले जातात. तपासणीविना घेतलेल्या आकड्यावर जगाने आपली निश्चिंती उभारू नये, हे म्हणणे योग्यच होते. मात्र संशय रास्त असणे आणि संशयाचे उत्तर ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ मध्ये सौदी अरामको या सौदी सरकारच्या तेलकंपनीने कर्जरोख्यांसाठी माहितीपत्रक काढले, तेव्हा घवार या जगातील सर्वांत मोठ्या तेलक्षेत्राची कमाल क्षमता दिवसाला ३८ लाख बॅरल असल्याचे उघड झाले. बाजारात रूढ असलेल्या सुमारे ५० लाखांच्या समजुतीपेक्षा हा आकडा बराच कमी होता. त्याच वेळी बाहेरच्या लेखापरीक्षकांनी कंपनीच्या साठ्यांचा आकडा मात्र मोठ्या प्रमाणावर मान्य केला. दोन्ही बाजूंना थोडे थोडे मिळाले.

जुलै २००८ मध्ये भाव बॅरलला १४७ डॉलरवर गेला तेव्हा कळस आला असे मानणारे पुष्कळ होते, आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१० च्या आपल्या वार्षिक अहवालात म्हटले की पारंपरिक कच्च्या तेलाचे उत्पादन २००६ मध्ये दिवसाला सुमारे ७ कोटी बॅरलवर पोहोचले होते आणि संस्थेच्या मुख्य अंदाजानुसार ती पातळी पुन्हा गाठली जाणार नाही. म्हणजे ‘पारंपरिक’ हा शब्द धरून ठेवला तर कॅम्पबेल आणि लाहेरेर यांचे म्हणणे बरेचसे खरे होते. परंतु गाडीच्या टाकीला तो शब्द कळत नाही. तेल सर्व प्रकारांचे मिळून मोजले तर २०१९ मध्ये जगाचा खप दिवसाला सुमारे १० कोटी बॅरल होता.

बाकेन

ही भर कुठून आली हे पाहायला परत अमेरिकेत, नॉर्थ डकोटा राज्यातील बाकेन या थराकडे जावे लागते. जमिनीखाली सुमारे ३ किलोमीटरवर असलेला हा थर नवा नव्हता. त्यात तेल आहे हे १९५० च्या दशकापासून ठाऊक होते. येथे शब्दाचा एक घोळ दूर करायला हवा: शेल हा चिखलापासून बनलेला, अतिशय घट्ट कणांचा खडक असून हबर्ट यांच्या कंपनीच्या नावाशी त्याचा संबंध नाही. शिवाय हबर्ट यांनी उल्लेखिलेले तेलशेल हेही वेगळे. त्यात पक्व न झालेले सेंद्रिय द्रव्य असते आणि ते तापवल्याशिवाय तेल मिळत नाही. बाकेनमध्ये तेल तयार झालेले आहे, परंतु खडकाची छिद्रे इतकी सूक्ष्म आणि एकमेकांशी इतकी कमी जोडलेली आहेत की ते विहिरीकडे वाहत येत नाही.

सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९९५ मध्ये बाकेनमधून काढता येण्याजोग्या तेलाचा अंदाज १५.१ कोटी बॅरल इतका दिला. त्याच संस्थेने २००८ मध्ये त्याच थराचा अंदाज ३.६५ अब्ज बॅरल दिला, म्हणजे जवळपास २४ पट. २०१३ मध्ये त्याखालचा थ्री फोर्क्स हा थर जमेस धरून आकडा सुमारे ७.४ अब्जांवर गेला. या १८ वर्षांत जमिनीखाली एक थेंबही वाढला नव्हता. टेक्सासमधील बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रामुख्याने पाण्याचा वापर करून खडक फोडण्याची स्वस्त रीत नैसर्गिक वायूसाठी यशस्वी केली होती. तिला आडव्या खोदाईची जोड मिळाली, आणि ही जोडी वायूकडून तेलाकडे आली. उभी विहीर थराला भेदते ती थराच्या जाडीपुरती, म्हणजे काही मीटर. तीच विहीर खाली नेऊन आडवी वळवली तर ती थराच्या आतून तीन-तीन किलोमीटर जाते. मग टप्प्याटप्प्याने प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि थोडी रसायने सोडून खडकाला भेगा पाडतात. पाण्याचा दाब काढल्यावर भेगा मिटू पाहतात, पण आत गेलेले वाळूचे कण त्यांना मिटू देत नाहीत, आणि त्या वाळूतून वाट काढत तेल विहिरीत येते.

नॉर्थ डकोटाचे उत्पादन २०१४ मध्ये दिवसाला १० लाख बॅरलवर गेले. टेक्सासमधील ईगल फोर्ड आणि पर्मियन खोऱ्यातही हेच झाले. २०१८ मध्ये अमेरिकेने १९७० चा उच्चांक मोडला, २०१९ मध्ये दिवसाला १.२ कोटी बॅरल ओलांडले आणि २०२३ मध्ये १.२९ कोटींचा नवा उच्चांक केला. हबर्ट यांनी उदारपणे धरलेली २०० अब्ज बॅरलची मर्यादा, अलास्का वगळूनही, मागे पडली आहे.

भावाची कसोटी

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अर्थशास्त्रज्ञ मॉरिस अडेलमन आयुष्यभर एक गोष्ट सांगत आले: सिद्ध साठा, म्हणजे सापडलेले आणि चालू भावात व तंत्रात काढता येईल असे ठरलेले तेल, हा कोठारातल्या मालासारखा असतो, पैसा खर्च करून तो भरला जातो आणि विकून रिता होतो. दुकानाच्या कोठारात तीन महिन्यांचा माल आहे म्हणून दुकान तीन महिन्यांनी बंद पडणार असे कोणी म्हणत नाही. १९८० मध्ये जगाचे सिद्ध साठे तेव्हाच्या खपाला सुमारे ३० वर्षे पुरतील एवढे होते. चाळीस वर्षे वाढता खप होऊनही ती मुदत सुमारे ५० वर्षांवर गेली आहे. ‘अमुक वर्षांत तेल संपणार’ ही बातमी साठ्याला खपाने भागून केलेली असते आणि ती वाचून घाबरण्याचे कारण नाही, हे अडेलमन यांच्या बाजूचे म्हणणे मला पूर्ण पटते.

पण कोठार भरायला पैसा लागतो, आणि तो कोणत्या भावाला मिळतो हेही याच प्रकरणाने दाखवले. २०१४ च्या मध्यापर्यंत भाव १०० डॉलरच्या आसपास होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत तेलासाठी १,६०९ यंत्रे खोदाई करत होती. भाव कोसळून २०१६ च्या सुरुवातीला ३० डॉलरखाली गेला आणि मे २०१६ मध्ये यंत्रांची संख्या ३१६ वर आली. देशाचे उत्पादन वर्षा-दीड वर्षात दिवसाला सुमारे १० लाख बॅरलने घटले. जुन्या पद्धतीची मोठी विहीर खोदाई थांबवली तरी वर्षानुवर्षे हळूहळू ओसरत राहते. शेलची विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक ओसरते. त्यामुळे आजचे उत्पादन हे गेल्या तीन-चार वर्षांत खोदलेल्या विहिरींवर उभे असते आणि तेवढेच ठेवायलाही सतत नवी खोदाई करावी लागते. २००८ चे ३.६५ अब्ज बॅरल हे बाकेनच्या खडकाइतकेच त्या वेळच्या तंत्राचेही मोजमाप होते, आणि ते प्रत्यक्षात बाहेर येणार की नाही हे भावावर ठरते.

हबर्ट यांच्या रीतीत भावाला जागा नव्हती, आणि ती उणीव खरी आहे. मात्र अडेलमन यांचा युक्तिवाद पुढे नेऊन, पुरेसा भाव दिला की तेल हवे तेव्हा मिळतेच असे जे म्हणतात, त्यांना १९७० ते २००८ ही ३८ वर्षे नीट समजावून सांगता येत नाहीत. १९८० च्या आसपास भाव अतिशय चढे होते आणि अमेरिकेत खोदाई विक्रमी झाली. तरी ४८ राज्यांचे उत्पादन पुन्हा कळसावर गेले नाही, कारण त्या भावाला उपयोगी पडेल असे तंत्र अजून हाताशी नव्हते. तंत्र येते, पण मागणीच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. मधल्या काळात ज्यांना चौपट भावाने तेल घ्यावे लागले, त्यांना पुढे कधीतरी भरपूर तेल निघणार होते याचा काही उपयोग नव्हता.

अलीकडे वादाने कूस बदलली आहे. पुरवठ्याऐवजी मागणीच आधी कळसाला पोहोचेल असे म्हणणारे वाढले आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये तेलाची मागणी या दशकाच्या अखेरीस कळसाला पोहोचेल असा अंदाज दिला आणि ओपेकने तो जाहीरपणे खोडून काढला. हा वाद विजेच्या गाड्यांवर, विमानांच्या इंधनावर आणि पेट्रोरसायनांवर चालतो, आणि तो चालावाही. पण अमेरिकेच्या शेलपुरता प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी हबर्ट यांनी झॅप यांच्याविरुद्ध वापरलेली फूटपट्टी मला अजूनही सर्वांत विश्वासार्ह वाटते. पर्मियनमधील आडव्या विहिरी दर काही वर्षांनी अधिक लांब होत गेल्या आहेत, त्यामुळे एका विहिरीमागे मिळणारे तेल वाढले की उत्पादकता वाढली असे जाहीर केले जाते. विहिरीमागचा आकडा बाजूला ठेवून खोदलेल्या प्रत्येक फुटामागचा आकडा वर्षावर्षाने मांडला, तर चांगल्या जागा आधी संपत चालल्या आहेत की नाहीत हे त्या रेषेच्या उतारावरून कळते, आणि त्यासाठी एकूण साठा किती आहे हे ठाऊक असण्याची गरज पडत नाही.